मोठ्या टाकीत साडूंनी तोंडात हात घातल्याबाबत

मी, वय ५४ वर्षे, धंदा नोकरी (पाणीपुरवठा खाते, तक्रार विभाग, वरिष्ठ लिपिक), राहणार खात्याची कर्मचारी वसाहत, दुसरा मजला, सध्या सुट्टीनिमित्त मुक्काम मत्स्यालयासमोरचे हॉटेल, खोली क्रमांक २०६, आज दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. खात्यात मला अठ्ठावीस वर्षे झाली. लोकांच्या तक्रारी घेणे, त्यांना क्रमांक देणे आणि त्या पुढे पाठवणे हे माझे काम आहे. तक्रार कशी लिहावी हे मला ठाऊक असल्याने प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर घ्यावा अशी मी हवालदारांना विनंती केली. त्यांनी ती मानली नाही.

मी तोंडाला रुमाल लावून बोलत आहे. त्यामुळे काही शब्द हवालदारांनी दोनदा विचारून लिहिले आहेत. रुमालाचे कारण विचारले असता, सर्दी झाली आहे असे सांगतो.

माझी तक्रार माझ्या साडूंविरुद्ध, म्हणजे पत्नीच्या धाकट्या बहिणीच्या यजमानांविरुद्ध आहे. त्यांचे वय ४६. घरात आणि बाहेर सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. ते दातांचे डॉक्टर आहेत. हा खुलासा मी करत आहे, कारण दुसरे कोणी करत नाही.

सुट्टीचा बेत सासऱ्यांच्या इच्छेने ठरला. ते वय ७९, निवृत्त मुख्याध्यापक. डोळ्याच्या शस्त्रक्रियेआधी एकदा मोठे मासे बघायचे आहेत असे त्यांनी सांगितले. त्यांना दोन मुली, म्हणून जावई दोन. शाळा सुटून एकोणीस वर्षे झाली तरी सासऱ्यांनी तपासणे सोडलेले नाही. धाकट्या जावयाला ते 'डॉक्टर' म्हणतात आणि मला 'जावईबापू'. याबाबत माझी तक्रार नाही. फक्त नोंद व्हावी.

परवा सकाळी आम्ही पाच जण साडूंच्या गाडीने निघालो. पुढे सासरे, मागे दोघी बहिणी आणि त्यांच्यामध्ये मी. प्रवास सहा तासांचा. वाटेत साडूंनी मला तीन वेळा विचारले की भाऊ, पाय मोकळे करायला गाडी थांबवू का. मी तिन्ही वेळा नको म्हणालो. हॉटेलात त्यांच्या २०५ मधून मत्स्यालयाचा निळा घुमट दिसतो आणि आमच्या २०६ मधून शेजारच्या इमारतीची भिंत. खोल्या बदलून घेऊ असे ते म्हणाले. मी त्यालाही नको म्हणालो. साडूंचे आणि माझे संबंध कसे आहेत असे विचारले असता सांगतो की, ते मला पाण्यात पाहतात. पत्नीचे म्हणणे असे की मीच त्यांना पाण्यात पाहतो. हवालदारांनी, हे आजचे का, असे विचारले. आजचे नव्हे, बरेच जुने आहे.

सदर मत्स्यालयात पाहुण्यांना पोशाख घालून मोठ्या टाकीत उतरवतात. टाकी वीस फूट खोल असून तिची एक बाजू पूर्ण काचेची आहे. काचेबाहेर पायऱ्या आहेत. तिथे बसून लोक आतले मासे आणि आत उतरलेली माणसे बघतात. साडूंनी आठ दिवस आधीच आपले नाव नोंदवले होते. गेल्या वर्षी ते कुठल्याशा बेटावर अशाच प्रकारे पाण्याखाली जाऊन आले होते. ते फोटो मी सात वेळा पाहिले आहेत.

आज सकाळी ८ च्या सुमारास नाश्त्याच्या टेबलावर सासऱ्यांनी विचारले, डॉक्टर पाण्याखाली जाणार, मग जावईबापू काय करणार? त्यावर मेहुणी म्हणाली की भावोजी आपल्या पिशव्या सांभाळतील. ती सहज बोलली असे पत्नीचे म्हणणे आहे. मी हातातला कप खाली ठेवला आणि मीसुद्धा उतरणार असे जाहीर केले. साडूंनी माझ्याकडे बघितले आणि लगेच आपल्या बशीत बघितले.

मला पोहता येते का असे विचारले असता सांगतो की, नाही. पाणीपुरवठा खात्यात तशी अट नाही.

सकाळी १० वाजून १५ मिनिटांनी आम्ही मत्स्यालयात पोहोचलो. तिथे एक प्रशिक्षिका होत्या. पोहता आले नाही तरी चालते, टाकीच्या तळाशी दोरी बांधली आहे, ती धरून चालायचे आणि तोंडातल्या नळीने श्वास घ्यायचा, असे त्यांनी समजावले. नळी सिलिंडरला जोडलेली असते. तिच्या टोकाला रबरी तोटी असते, ती दातांत पकडायची. पाण्यात बोलता येत नाही म्हणून खुणा शिकवल्या. अंगठा आणि शेजारचे बोट जुळवून गोल केला तर सगळे ठीक आहे. अंगठा वर केला तर मला वर न्या. अंगठ्याची खूण नीट लक्षात ठेवा, इथेच लोक चुकतात, असे त्यांनी दोनदा सांगितले.

त्यानंतर एक छापील फॉर्म भरायचा होता. त्यात हृदयविकार, दमा, कानाचा पडदा वगैरे प्रश्न होते. मी सर्व प्रश्नांपुढे 'नाही' अशी खूण केली. पत्नी आणि मेहुणी माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. फॉर्म दिल्यावर साडूंनी मला कपाटांच्या रांगेमागे बाजूला घेतले आणि हळू आवाजात काहीतरी म्हटले. काय म्हटले असे विचारले असता, आठवत नाही. मी त्यांना, तुम्ही तुमचे बघा, असे उत्तर दिले. ते आठवते.

रबरी पोशाख दोन माणसांनी मिळून माझ्या अंगावर चढवला. कमरेला शिशाचा पट्टा बांधला. ११ वाजून ५ मिनिटांनी प्रशिक्षिका, साडू आणि मी असे तिघे शिडीने टाकीत उतरलो. काचेबाहेर त्या वेळी साठ-सत्तर माणसे होती. सासरे सगळ्यात पुढे, मत्स्यालयाने दिलेल्या चाकाच्या खुर्चीत, काचेला जवळजवळ नाक लावून बसले होते.

पहिली सात-आठ मिनिटे काही घडले नाही. खाली फार शांत असते. माझ्या डोक्यावरून एक चपटा पाकट मासा गेला. त्याचे पोट पांढरे होते आणि तो पंख हलवल्यासारखा कडा हलवत होता. मला बरे वाटले. असे बरे मला बऱ्याच दिवसांत वाटले नव्हते. हे तक्रारीशी संबंधित नाही, तरी हवालदारांनी लिहिले आहे.

मग मी काचेकडे बघितले. मेहुणी मोबाइलने फोटो काढत होती आणि मोबाइल साडूंच्या दिशेला होता. मी दोरी धरून साडूंच्या पुढे गेलो आणि काचेसमोर उभा राहिलो. सासऱ्यांना दिसावे म्हणून मी अंगठा वर केला. माझ्या मनात 'मजेत आहे' असे होते. प्रशिक्षिका लगेच पोहत आल्या आणि मला काखेत धरून वर नेऊ लागल्या. मी मान हलवून नकार दिला. त्यांनी सोडले. थोड्या वेळाने पत्नीने हात हलवला म्हणून मी पुन्हा अंगठा वर केला. प्रशिक्षिका पुन्हा आल्या. असे तीन वेळा झाले. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर बोट नाचवले आणि त्या टाकीच्या दुसऱ्या टोकाला एका लहान शार्कला हाकलायला गेल्या.

त्यानंतर मी काचेकडे बघून हसलो. नळी तोंडात असताना हसणे अवघड आहे, तरी मी हसलो. त्याच वेळी काहीतरी बिघाड झाला आणि माझा श्वास अडला. मी चौथ्यांदा अंगठा वर केला. प्रशिक्षिकांनी दुरून पाहिले, पण त्या आल्या नाहीत. त्यांचा दोष नाही. काचेबाहेरच्या लोकांनीही मला परत अंगठे वर करून दाखवले.

तेवढ्यात साडूंनी मागून येऊन माझी मान पकडली. माझी नळी माझ्या तोंडातून गेली. साडूंनी उजव्या हाताची दोन बोटे माझ्या तोंडात घातली आणि जोराने ओढले. माझ्या नाकातोंडात पाणी गेले. मी त्यांना लाथ मारली, ती त्यांच्या पोटाला लागली असावी. त्यानंतर त्यांनी मला धरून वर आणले. हा सर्व प्रकार साठ-सत्तर लोकांसमोर घडला. माझी तक्रार एवढीच आहे की, कौटुंबिक सुट्टीत, सासऱ्यांदेखत, त्यांनी माझ्या तोंडात हात घातला.

बिघाड कशाचा झाला असे विचारले असता, नळीचा असावा असे सांगतो.

शिडीच्या वरच्या पायरीवर पत्नी उभी होती. मी डोके बाहेर काढताच तिने घडी केलेला रुमाल माझ्या तोंडावर धरला. तो तिने इतक्या लवकर कसा काढला हे मी विचारले नाही.

आम्ही कोरडे होऊन काचेपाशी आलो तेव्हा लोक अजून तिथेच होते. तळाच्या वाळूतून एका मोठ्या ठिपक्यांच्या माशाने काहीतरी उचलले होते. तो ते तोंडात घेई, थुंकून टाकी आणि पुन्हा घेई. लोक हसत होते. सासऱ्यांनी विचारले, त्या माशाच्या तोंडात काय आहे? मला या डोळ्यांनी धड दिसत नाही. साडू म्हणाले, "शिंपला आहे, बाबा."

मत्स्यालयाचे व्यवस्थापक आले. त्यांनी साडूंचा हात हातात घेऊन अभिनंदन केले आणि त्यांना धैर्याचे प्रमाणपत्र द्यायचे ठरवले आहे असे सांगितले. त्याची चौकट तयारच होती. बाहेरच्या मोठ्या पडद्यावर टाकीतले चित्रण दाखवू, असेही ते म्हणाले. मेहुणी रडत होती आणि हसत होती. सासरे म्हणाले, "डॉक्टर होते म्हणून निभावलं. जावईबापूंना झालं काय होतं पण?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. तेव्हा मी सांगितले की मला काही झाले नव्हते, यांनीच माझी नळी ओढली आणि माझ्या तोंडात हात घातला. व्यवस्थापकांनी साडूंना विचारले, हे खरे आहे का? साडू माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो. ओढली."

त्यावर व्यवस्थापकांनी चौकट परत नेली. टाकीत पाहुण्याने पाहुण्यावर हात टाकला असेल तर नियमाप्रमाणे पोलिसांत कळवावे लागते, नाहीतर टाकी बंद ठेवावी लागते, असे ते म्हणाले. पडद्यावरचे चित्रणही थांबवले. सासऱ्यांनी खुर्ची काचेकडे वळवून घेतली. मेहुणीने माझ्याकडे पाठ केली.

पोलीस ठाण्यात कसे आलात असे विचारले असता सांगतो की, मला इथला रस्ता माहीत नव्हता. साडूंनी मला त्यांच्या गाडीतून आणले. आज मी पुढच्या सीटवर बसलो होतो. ते सध्या बाहेरच्या बाकावर बसले आहेत. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यांच्याकडे आहेत.

इथपर्यंत जबाब झाल्यावर हवालदारांनी हात झटकले आणि ते म्हणाले, "जाऊ द्या ना साहेब. आपलेच दात अन् आपलेच ओठ." हे वाक्य त्यांनी सहज म्हटले. तरी मी रुमाल घट्ट धरला, हे त्यांच्या लक्षात आले असावे, कारण ते उठून फौजदार बाईंना बोलावून घेऊन आले.

फौजदार बाईंनी लिहिलेले वाचले आणि मला रुमाल काढायला सांगितला. मी सर्दीचे कारण दिले. त्यांनी पुन्हा सांगितले. मी रुमाल काढला. वरच्या बाजूचे पुढचे चार दात नाहीत असे त्यांना दिसले. हे दात आजच गेले का, असे त्यांनी विचारले. मी हो म्हणालो, कारण ते खरे आहे. साडूंनी बोटे घालून ओढले तेव्हाच का? मी हो म्हणालो, कारण तेही खरे आहे. हवालदारांनी लिहून घेतले की, सदर इसमाने तक्रारदाराचे पुढील चार दात पाडले.

फौजदार बाई म्हणाल्या, "असं असेल तर ही नुसती झोंबाझोंबी राहत नाही. दात पाडणं म्हणजे गंभीर दुखापत. त्यांना आत्ताच आत घ्यावं लागेल." बाहेरच्या इसमाने आल्याआल्याच, मी तोंडात हात घातला, असे कबूल केले आहे, त्यामुळे काम सोपे आहे, असे त्यांनी हवालदारांना सांगितले. हवालदारांनी खणातून एक वेगळा कागद काढला.

ते वाक्य खोडा, असे मी सांगितले. हवालदार म्हणाले की जबाबात खाडाखोड चालत नाही. जे काय असेल ते पुढे सांगा. म्हणून पुढे सांगतो की,

जे चार दात गेले ते माझे नव्हते. ते साडूंनीच बसवलेले होते.

हे ऐकून फौजदार बाई खुर्ची ओढून बसल्या.

सहा वर्षांपूर्वी माझ्या हिरड्यांना आजार झाला आणि पुढचे चार दात हलू लागले. दुसऱ्या डॉक्टरकडे जायचे तर आमच्या वसाहतीत कळते. एका रविवारी मी साडूंच्या दवाखान्यात गेलो. दवाखाना बंद होता. त्यांनी स्वतः येऊन उघडला, दिवे लावले, मदतनीस बाईंना बोलावले नाही. मी त्यांना म्हणालो की हे घरात कोणाला कळता कामा नये, माझ्या बायकोला नाही आणि तुमच्याही नाही. ते बरं म्हणाले. हलणारे दात काढून चार दातांची काढता-घालता येणारी पट्टी बसवायला चार रविवार लागले. नंतर दर सहा महिन्यांनी एक रविवार, दात सैल होतात म्हणून.

रविवारी आम्ही दोघे कुठे असतो असे मेहुणीने विचारल्यावर त्यांनी सांगितले की भाऊंबरोबर बुद्धिबळ खेळतो. कोण जिंकतं असे विचारल्यावर, भाऊच जिंकतात, असे सांगितले. हे त्यांनी सहा वर्षे सांगितले. सासऱ्यांच्या घरी मला बुद्धिबळातला समजतात. मला बुद्धिबळ येत नाही.

एवढे लपवण्यासारखे काय होते, असे फौजदार बाईंनी विचारले असता सांगतो की, अठ्ठावीस वर्षांपूर्वी सासरे मला बघायला आमच्या घरी आले होते. जाताना त्यांनी माझ्या वडिलांना सांगितले की मुलाचे दात चांगले आहेत. मी दाराआड होतो. त्यानंतर आजपर्यंत त्यांनी माझ्याबद्दल दुसरे चांगले काही म्हटलेले नाही. साडूंबद्दल ते रोज काहीतरी म्हणतात. माझ्याकडे तेवढेच होते आणि तेही निघून गेले होते.

हवालदारांनी, हे लिहू का, असे विचारले. लिहा.

फॉर्ममध्ये 'खोटे दात किंवा कवळी आहे का' असा प्रश्न होता. मी त्यापुढे 'नाही' अशी खूण केली. साडू माझ्या मागे उभे होते. त्यांनी ती खूण पाहिली. कपाटांमागे त्यांनी मला काय म्हटले ते मला आठवते. ते म्हणाले, "भाऊ, वरचे दात काढून माझ्याकडे द्या. नळी दातांत धरायची असते, सैल होतील, घशात जातील. मी रुमालात बांधून माझ्या कपाटात ठेवतो. बाहेर आलो की आधी तुम्हाला ते देतो." त्यांचा आवाज इतका हळू होता की मलाच दोनदा ऐकावे लागले. मी म्हणालो की तुम्हाला एकट्यालाच फोटो काढून घ्यायचे आहेत. ते म्हणाले, तसं समजा, पण खाली येऊ नका. त्यावर मी, तुम्ही तुमचे बघा, असे म्हणालो.

नळीत बिघाड नव्हता. मी हसलो तेव्हा दात सुटले आणि घशाकडे गेले. श्वास आत जाईना आणि बाहेर येईना. नळी साडूंनी ओढली नाही. ती मीच घाबरून फेकली आणि ती माझ्या पाठीमागे गेली. साडू काचेकडे तोंड करून होते, तरी तेच आधी आले. त्यांनी माझी मान धरली ती मी हलू नये म्हणून. दोन बोटांनी दात काढले आणि टाकून दिले. मग स्वतःच्या तोंडातली नळी काढून माझ्या तोंडात घातली.

त्या वेळी मी त्यांना लाथ मारली. ती पोटाला लागली असावी असे मी आधी सांगितले. लागलीच. मी पाहिले.

प्रशिक्षिका येईपर्यंत आम्ही दोघे एकाच नळीवर होतो. दोन श्वास मी घेत असे, मग ते नळी काढून स्वतः दोन घेत आणि परत मला देत. त्यांच्या नळीला माझी लाळ आणि थोडे रक्तही लागले होते. एकदा त्यांची पाळी होती आणि मी नळी सोडत नव्हतो. त्यांनी ओढली नाही. माझ्या पाठीवर हात फिरवत राहिले आणि त्यांच्या तोंडातून बुडबुडे येत राहिले, मग बुडबुडे येईनासे झाले. त्याच वेळी प्रशिक्षिका पोहोचल्या आणि त्यांनी आपल्याजवळची जादा नळी साडूंना दिली. किती वेळ गेला हे मला सांगता येणार नाही. चित्रणात असेल.

माशाच्या तोंडात शिंपला नव्हता.

मग खोटे का सांगितले, असे फौजदार बाईंनी विचारले. सांगतो की, सासऱ्यांनी विचारले, जावईबापूंना झालं काय होतं. साडूंनी हल्ला केला नसेल तर मी आपोआप गुदमरलो, आणि आपोआप गुदमरलो तर कशाने, हा पुढचा प्रश्न होता. तो येऊ नये म्हणून मी जे पहिले सुचले ते बोललो. साडू नाही म्हणतील असे मला वाटले होते. ते हो म्हणाले. ते का हो म्हणाले, हे मला गाडीत बसल्यावर कळले. गाडीत वीस मिनिटे होतो. त्यांनी एकदाच तोंड उघडले. म्हणाले, "परवापर्यंत नवे होतील. तोवर कमी बोला."

ज्याच्यामुळे आपले झाकले जाते त्याच्याकडे बघणे जड जाते. दर सहा महिन्यांनी मी त्यांच्या खुर्चीत तोंड उघडून बसत होतो आणि घरी आल्यावर त्यांच्यात खोट काढत होतो. खोट सापडली नाही की ते मुद्दाम चांगले वागतात असे म्हणत होतो. हे तक्रार विभागात बसून येणारे शहाणपण आहे. आमच्याकडे पाणी चांगले येत असले तरी लोक वेळेबद्दल तक्रार करतात.

पत्नीला दातांचे माहीत आहे का असे विचारले असता सांगतो की, माहीत नाही असे मी सहा वर्षे समजत होतो. मी न्हाणीघराच्या कपाटात मागच्या बाजूला एक स्टीलचा डबा ठेवतो. त्याच्यापुढे ती नेहमी टॉवेलांची चळत लावते. ती चळत कधी कमी होत नाही. आज शिडीवर तिच्या हातात रुमाल तयार होता. यावरून काय ते समजावे.

साडूंनी काही केले असेल तर एवढेच की, मला बुडू दिले नाही आणि मला खोटेही पडू दिले नाही. दुसरे पहिल्यापेक्षा अवघड होते असे माझे मत आहे.

फौजदार बाईंनी विचारले की, आता तुमची तक्रार आहे का? नाही. मग हा कागद बंद करायला कारण लागेल. 'गैरसमजातून' असे लिहू का, असे हवालदारांनी विचारले. हा शब्द मला चांगला परिचयाचा आहे. चूक खात्याची असली की आम्ही तक्रारीवर तोच शेरा मारतो. तो लिहू नये. तक्रारदाराने स्वतःची लाज झाकण्यासाठी खोटी तक्रार दिली, असे लिहावे. तसे लिहिले तर कारवाई तुमच्यावरच होऊ शकते, असे फौजदार बाईंनी समजावून सांगितले. ते मला समजले आहे. लिहावे. त्यांनी थोडा वेळ पेन हातात फिरवले आणि हवालदारांना 'रागाच्या भरात' असे लिहायला लावले. तो त्यांचा अधिकार आहे. माझे म्हणणे मी वर सांगितले आहे.

माझी एवढीच मागणी आहे की, व्यवस्थापकांनी परत नेलेली चौकट साडूंना द्यावी आणि ती देताना सासरे समोर असावेत. चित्रण मोठ्या पडद्यावर दाखवायचे असल्यास माझी हरकत नाही. मासा दिसला तरी चालेल.

हा जबाब बाहेर बसलेल्या साडूंना वाचून दाखवू नये, त्यांना अवघडल्यासारखे होईल, असेही मी आधी सांगितले होते. फौजदार बाईंनी ते मान्य केले होते.

त्यानंतर हवालदारांनी संपूर्ण जबाब मला मोठ्या आवाजात वाचून दाखवला. वाचायला अकरा मिनिटे लागली. खोलीचे दार उघडे होते आणि बाहेरचा बाक भिंतीला लागूनच आहे. पहिल्या पानानंतर हवालदारांनी थांबून, दार लावू का, असे विचारले. मी नको म्हणालो, आणि पुढचे जरा सावकाश वाचा, असे सांगितले. लिहिलेला मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे असून तो खरा आहे.